उस्तादांचा कान

आमच्या घरात इंजिन पहिल्यांदा सुरू होताना कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. गाडी कुणाचीही असो, दुरुस्ती कितीही किरकोळ असो, चावी फिरली की सगळ्यांनी तोंड मिटायचं आणि माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताकडे बघत राहायचं. हे तो हात वर धरून उभे राहत. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. हात सावकाश खाली आला की इंजिन ठीक. हाताची मूठ झाली की ताबडतोब बंद करायचं, काहीतरी चुकलंय. चाळीस वर्षांत त्या हातापुढे कुणी 'पण' म्हटलं नाही.

पुढे जे झालं ते ह्या नियमामुळे झालं, आणि माझ्यामुळे. म्हणून ते सावकाश, पहिल्यापासून सांगते.

बाहेर सगळे ह्यांना उस्ताद म्हणत. कारखान्यात ह्यांच्याकडे एकच काम होतं. ट्रकांचे आणि मोटारींचे टर्बो उघडायचे, साफ करायचे, पुन्हा जोडायचे. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. टर्बो म्हणजे काय हे लग्नानंतर मी ह्यांच्याकडून समजून घेतलं आणि माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलं. एका काडीच्या दोन टोकांना दोन भिरभिरी लावा. इंजिनाचा धूर बाहेर पडताना एका भिरभिऱ्यावर आदळतो, ते गरगर फिरतं. काडी एकच, म्हणून दुसऱ्या टोकाचं भिरभिरंही फिरतं आणि बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. एवढंच. फक्त ही काडी मिनिटाला लाखभर फेरे घेते, आणि तिला सांभाळायला तेलाचा एक थर असतो, केसाहून पातळ. भिरभिऱ्याचं एक पातं कणभर हलकं-जड झालं तरी काडी डगमगते, आणि डगमगली की ओरडते. तो आवाज बारीक असतो, सुईसारखा. तो ऐकून हे सांगत, कुठलं पातं, कुठली बाजू. कारखान्यात तोल तपासायचं यंत्र आलं तेव्हा साहेबांनी आधी यंत्र बरोबर सांगतंय का ते ह्यांच्याकडून तपासून घेतलं होतं. ही गोष्ट हे वर्षातून एकदा तरी सांगतच.

गाडी माझ्या धाकट्या दिरांची. लाल, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली. तिशीत असताना भावोजींनी ती घेतली आणि डोंगरातल्या रस्त्यावर अशी काही पळवली की माझ्या सासूबाई ती गल्लीत शिरल्याचा आवाज आला की आधी देवाचे आभार मानत आणि मग शिव्या घालत. पुढे भावोजींचे गुडघे गेले. "ह्या गाडीत बसायला एक माणूस लागतो वहिनी, आणि उठवायला चार," असं ते म्हणायला लागले. मग इंजिनाने धूर सोडला, आणि गाडी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. ताडपत्रीखाली बारा वर्षं.

ती बाहेर काढायची असं माझ्या लेकीने ठरवलं. आम्हाला ती एकुलती एक. नाव काहीही असलं तरी घरात ती बबडीच, चौतीस वर्षांची झाली तरी. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टर साचा पाठवत आणि ही त्यावरून दात घडवायची, कवळ्या, टोप्या, सगळं हाताने. तांदळाच्या दाण्याएवढ्या दातावर ती नैसर्गिक वाटावी अशी रेघ काढायची. बोटं बापाचीच, फक्त लहान मापाची.

"दोन-अडीच वर्षांत काका सत्तरीचे होतील," ती म्हणाली. "त्याआधी एकदा त्यांना त्यांच्याच गाडीत डोंगराच्या माथ्यापर्यंत नेऊन आणायचं. बाबा, तुम्ही आणि मी."

"आणि मी काय करू?" मी विचारलं.

"तू नावं लिही."

ते खरंच मोठं काम होतं. गाडी सुटी करताना निघालेला प्रत्येक बोल्ट रिकाम्या डब्यात जायचा आणि डब्यावर चिठ्ठी लागायची. बापाचं अक्षर कोंबडीचं, लेकीचं डॉक्टरांच्या सहवासाने बिघडलेलं. म्हणून मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि पाटीवर लिहावं तसं लिहायची: 'डावं चाक, आतले, चार.' 'डॅशबोर्ड, मागचे, एक कमी.' दोन वर्षांचे रविवार असे गेले. जमिनीचा पत्रा चाळणी झाला होता, तो कापून नवा लावला. टाकीतून पेट्रोलऐवजी गुळासारखं काहीतरी निघालं. ब्रेकच्या नळ्या, रबरी पाइप, वायरी, सगळं बदललं. उंदरांनी सीटमध्ये घर केलं होतं, ते भावोजींनी स्वतः रिकामं केलं. "भाडं न देता बारा वर्षं राहिले," म्हणाले, "आणि जाताना सीटही खाऊन गेले."

त्या दोन वर्षांत मला एक गोष्ट माहीत होती. ती फक्त मलाच माहीत होती.

ह्यांना बारीक आवाज ऐकू येत नव्हता.

जाड आवाज येत होते. दार आपटलं, ट्रक गेला, भावोजी हसले, सगळं येत होतं. म्हणून कुणाला शंकाही आली नाही. मला पहिल्यांदा कळलं ते किटलीमुळे. आमची किटली उकळली की शिट्टी देते. एकदा मी वरच्या खोलीतून ती शिट्टी ऐकत खाली आले, तर हे ओट्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. किटली किंचाळत होती, वाफेने खिडकी पांढरी झाली होती, आणि हे पान उलटत होते.

"अहो, किटली!"

ह्यांनी वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग वाफेकडे. "विचारात होतो," म्हणाले.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिसऱ्या रांगेत बसायची. विनोद झाला की ती सगळ्यांबरोबर हसायची, पण क्षणभर उशिरा. मी पाठमोरी होऊन काही सांगितलं की ती शेजारणीच्या वहीत बघायची. हे माझ्या ध्यानात यायला महिना गेला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मग मी तिला काही न बोलता पहिल्या बाकावर आणून बसवलं. कुणाला कळलं नाही, तिला अपमान वाटला नाही, आणि तिचं शिकणं सुरू झालं. त्यात मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

नवऱ्यालाही मी तसंच पहिल्या बाकावर आणलं. बोलताना समोर जाऊन बोलायची. फोन वाजला की "तुमचाच दिसतोय" म्हणून हातात द्यायची. दुकानदार पुटपुटला तर त्याचंच वाक्य मी माझं असल्यासारखं मोठ्याने म्हणायची. "पोरं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," असं हे म्हणायचे आणि मी "हो ना" म्हणायची. एकदाच मी विषय काढला होता. कान दाखवून येऊ, सहज, वयानुसार, असं काहीतरी म्हटलं. ह्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कान गेला तर माझ्यात दुसरं काय आहे गं?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ह्याला तीन वर्षं झाली होती.

शेवटच्या हिवाळ्यात ह्यांनी टर्बो उघडला. मी दारात चिठ्ठ्या घेऊन बसले होते. बबडीने हवा ओढणारं भिरभिरं उजेडात धरलं, अॅल्युमिनियमचं, लहान मुलाच्या मुठीएवढं.

"बाबा, इथे पात्याला दात पडलाय."

"बघू." ह्यांनी नख फिरवलं. "खडा गेला असणार कधीतरी. घासून काढू."

"नवीन मिळतं का बघू का?"

"ह्या गाडीचं? आता बनत नाही ते."

"मग घासल्यावर तोल तपासायला पाठवू या. शहरात यंत्र आहे. आठ दिवसांत परत देतात, मी विचारलंय."

हे हसले. "यंत्र! बबडे, त्या यंत्राला शिकवलं कुणी?"

"माहितीये बाबा, दर वर्षी सांगता."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली, आणि हसली. "कवळी बनवताना मी पण यंत्रापेक्षा बोटाचंच ऐकते. तुमचीच सवय."

ह्यांनी बारीक कानशीने पातं घासलं, त्याच्या समोरचं तेवढंच घासलं. काडी आणि भिरभिऱ्यावर आधीच खुणा केल्या होत्या, खुणेला खूण जुळवून सगळं परत बसवलं. माझ्या डोक्यात तेव्हा काही आलं का? आलं. आता ऐकून कसं सांगणार, असं आलं. मग वाटलं, इतक्या वर्षांचा हात आहे, हाताला कळेल. मी चिठ्ठी लिहिली: 'टर्बो, बाहेरचे, सहा.'

गाडी सुरू केली तो रविवार चांगला उन्हाचा होता. भावोजी काठी टेकत आले, नवा शर्ट घालून. बबडी आत बसली. हे बॉनेटपाशी उभे राहिले. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक टर्बोच्या अंगाला आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतात तसं हे करत. उजवा हात वर.

इंजिन खोकलं, थांबलं, आणि मग लागलं. चौदा वर्षांनी. भावोजींचे डोळे भरून आले. कुणी काही बोललं नाही. ह्यांनी डोळे न उघडता बोटांनी खूण केली, वाढव. बबडीने पाय दाबला.

आणि ती शिट्टी आली. आधी डासाएवढी, मग इंजिन चढत गेलं तशी तीही चढत गेली, धारदार, दातात कळ जावी तशी. शेजारच्या अंगणात झोपलेलं कुत्रं उठलं आणि कण्हत घराच्या मागे गेलं. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा शांत होता. कपाळावर एकही आठी नव्हती. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

हात सावकाश खाली आला.

"बघा!" भावोजी ओरडले. "तोच आवाज! तीस वर्षांपूर्वीचा!" ते टाळ्या वाजवायला लागले आणि काठी खाली पडली.

मला टर्बोतलं काही कळत नाही. जुन्या टर्बोंची शिट्टी येते, हे मी ऐकून होते. बरी शिट्टी कुठली आणि वाईट कुठली, हे मला कधीच ओळखता आलं नसतं. लहानपणापासून बापाशेजारी उभी राहून ऐकत आल्यामुळे ते ओळखू शकेल अशी एकच व्यक्ती त्या शेडमध्ये उरली होती, आणि ती गाडीत बसली होती.

हात धुवायला ती स्वयंपाकघरात आली. नखांतलं काळं घासत, पाठमोरीच, म्हणाली, "आई, शिट्टी जरा जास्त होती का गं?"

मी कप पुसत होते.

"तुझ्या बाबांनी ऐकलं ना?"

"हो. चालेल म्हणाले."

"मग झालं," मी म्हणाले.

तिने नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले, एकेक बोट वेगळं, तिच्या कामात लागलेल्या सवयीने. "हो, मग झालंच," म्हणाली आणि बाहेर गेली.

हे मी कितीदा तरी मनात उलगडून बघितलंय. तिला आवाज माहीत होता आणि मला कान माहीत होता. आम्ही दोघी एका ओट्यापाशी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होतो. मी एवढंच म्हणायचं होतं, 'त्यांना तो आवाज येत नाही.' पाच शब्द. वर्गात मी मुलांना रोज सांगायची, कळलं नाही तर हात वर करा, शंका आली तर हात वर करा, मूर्ख ठरायची भीती बाळगू नका. आणि बाहेर अंगणात हे भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, तीन वर्षांत पहिल्यांदा इतके ताठ. मला ते मोडवलं नाही.

पुढचे दोन रविवार बबडी आणि हे गल्ल्यांतून गाडी फिरवून आले. वळणावर आली की मला आधी शिट्टी ऐकू यायची आणि मग गाडी. शेजारीण म्हणाली, "गाते हो तुमची गाडी." मी तिला म्हटलं, "जुनी आहे ना, तशीच असते." असं मी कुणाला समजावत होते कोण जाणे.

डोंगरावर जायच्या दिवशी सकाळी भावोजींना सीटमध्ये बसवायला आम्ही तिघं लागलो. आधी बूड, मग एक पाय, मग दुसरा पाय हाताने उचलून.

"एक माणूस कमी पडला बघा," ते म्हणाले. "उठवताना काय करणार?"

"वर गेल्यावर मी एकटी उठवते, काका."

"एकटीने? पाठ मोडेल तुझी."

"बसा हो गप, नवरदेव."

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला, थोपटलं. "चढावर गरम होईल. माथ्यावर गेलीस की लगेच बंद नको करू. दोन मिनिटं नुसती चालू ठेव, थंड होऊ दे, मग बंद." असं हे प्रत्येकाला सांगत. चांगली, काळजीची सूचना होती. त्या गल्लीतून जाताना माझ्या लेकीने खिडकीतून उजवा हात बाहेर काढून हलवला. तो मला आठवतो. डावा स्टिअरिंगवर होता.

माथ्याला साताठ वळणं उरली असताना काडी तुटली. हे नंतर कळलं. तुटली की तेल थांबत नाही. जिथून थोडं थोडं जायचं तिथून भडाभडा जायला लागतं, आणि बाहेर लोखंड लाल झालेलं असतं. भावोजी सांगतात, आधी मागे पांढरा धूर दिसला, इतका की रस्ता दिसेना. बबडीने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, उतरली. सगळं बरोबर केलं. तोपर्यंत बॉनेटखालून ज्वाळा यायला लागल्या होत्या, आणि टर्बो भावोजींच्या बाजूला होता.

भावोजींना उठता येईना.

"मी तिला म्हणालो, जा तू," भावोजी सांगतात. इथे पोचले की त्यांना पुढे बोलता येत नाही, ते काठीच्या मुठीकडे बघतात. "म्हणालो, जा गं, मी सत्तर वर्षांचा आहे. तर म्हणते, अजून दोन महिने आहेत."

तिने त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. ते आले, पण उजवा पाय खाली अडकला. मग तिने आत वाकून, जळतं तेल ठिबकत होतं तिथे, दोन्ही हातांनी तो पाय सोडवला. भावोजींच्या पायाला एवढासा डाग आहे. त्यांचा बूट वितळला, पाय वाचला.

डॉक्टरांनी डावा हात बराचसा वाचवला. उजव्याची तीन बोटं एकमेकांना चिकटली आणि आत वळली. दोनदा कापून मोकळी केली, दोनदा परत वळली.

इस्पितळात पाचव्या दिवशी ह्यांनी तिच्या उशाशी वाकून विचारलं, "बाळ, आधी काही आवाज आला होता का? शिट्टी? खरखर?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी दाढी केलेली नव्हती, शर्टाची बटणं वर-खाली लागली होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही बाबा," ती म्हणाली, मोठ्याने, ओठ नीट हलवून. "एकदम झालं."

"मीही ऐकलं होतं," हे म्हणाले. "स्वच्छ होता. अगदी स्वच्छ."

हे खाली चहा आणायला गेल्यावर ती छताकडे बघत पडून राहिली. तिचे दोन्ही हात बॉक्सिंगच्या मोज्यांसारखे बांधलेले, उशांवर ठेवलेले होते.

"बाबांना येत नाही ना ऐकू?"

मी तिच्या उशीची कड सरळ करायला लागले.

"तुला माहीत होतं." हा प्रश्न नव्हता. "कधीपासून?"

"तीन वर्षं."

"मी विचारलं होतं तुला. हात धुताना."

"हो."

तिने डोळे मिटले. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारायला हात पुढे केला, आणि तिने मान वळवली. फार नाही. जेवढी वळवता येत होती तेवढी.

"बाबांना सांगू नकोस," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझे हात गेलेच आहेत. त्यांना तरी राहू दे."

मी कबूल केलं. गप्प राहायचं कबूल करणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

जळालेली गाडी शेडमध्ये परत आणली. ह्यांनी टर्बो काढला, कापसावर मांडला, तुटलेली काडी भिंग लावून बघत बसायला लागले. रोज. तेलाची नळी तपासली, ती साफ होती. खुणा तपासल्या, त्या जुळत होत्या. "कुठे चुकलो ते सापडत नाही," म्हणायचे. "ऐकलं होतं गं मी." चार महिने मी हे वाक्य चहाबरोबर ऐकलं. बबडी तिच्या घरी गेली. प्रयोगशाळेने तिला टेबलामागचं काम दिलं, आलेले साचे मोजून आत पाठवायचे. ती फोन करायची, बापाशी बोलायची, आणि मी घेतला की म्हणायची, "हं, बरी आहे, ठेवते."

मग एका सकाळी किटली उकळली. मी मागच्या अंगणात होते, धावत आले. हे ओट्यासमोर उभे होते, किटलीपासून वीतभर अंतरावर, तोंड वाफेत. वाफेची धार त्या लहानशा भोकातून सुटत होती. हे तिच्याकडे बघत होते. ऐकत होते असं म्हणवत नाही.

"ही आत्ता वाजतेय?" ह्यांनी विचारलं.

"हो."

ह्यांनी गॅस बंद केला. "कान तपासतात ते कुठे?"

तपासणीची जागा म्हणजे काचेची एक खोली. भिंतींना जाड करड्या गाद्या. आत एक खुर्ची. बाहेर टेबलाशी एक तरुण मुलगी, समोर यंत्र आणि बटणं. मी तिच्या मागच्या बाकावर. तिने ह्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि समजावलं, "आजोबा, आवाज आला की हात वर करायचा. अगदी बारीक आला तरी."

हे मान हलवून हसले. "हातावरच आयुष्य गेलंय पोरी."

सुरू झालं. ह्यांचा हात वर गेला. पुन्हा गेला. पुन्हा. मुलगी कागदावर टिंबं देत होती. "छान ऐकतायत हो," ती मला म्हणाली, जराशी चकित होऊन. हात वर जातच होता, अगदी वेळेवर. म्हणजे मीच चुकले होते? म्हणजे शिट्टीचा आणि ह्या सगळ्याचा काही संबंध नव्हता?

मग मी ह्यांचे डोळे बघितले. ते भिंतीकडे नव्हते. ते काचेतून त्या मुलीच्या उजव्या कोपराकडे होते. ती बटण दाबायची, कोपर किंचित हलायचं, आणि हात वर जायचा. क्षणभर उशिरा.

तिसरी रांग.

हे स्वतः होऊन इथे आले होते. तरीही. मला माहीत आहे, ह्यात लबाडी नसते. एवढी वर्षं तगून राहण्यासाठी शिकलेलं असतं ते. मी बाकावर बसून राहिले असते तर कागदावर चांगली टिंबं आली असती, आम्ही घरी गेलो असतो, आणि ह्यांनी उरलेलं आयुष्य त्या काडीत चूक शोधली असती.

मी उठले. "मुली," मी म्हणाले, "तू जरा त्यांच्याकडे पाठ करून बस."

तिने माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे, आणि तिला कळलं. खुर्ची फिरवली, यंत्र मांडीवर घेतलं, नवा कागद लावला.

पहिले काही आवाज जाड होते. हात वर गेला. मग यंत्रावरचे आकडे चढायला लागले. मुलीने बटण दाबलं. आवाज सोडला की तिच्या यंत्रावर दिवा लागायचा. दिवा लागला. हात मांडीवर. पुन्हा दाबलं, आवाज वाढवला. दिवा लागला. हात मांडीवर. आणखी वाढवला. आता हेडफोनमधून मला तो काचेबाहेर ऐकू येत होता, बारीक, सुईसारखा, आणि हे आत त्याच्याच मध्यभागी बसले होते आणि माझ्याकडे बघत होते.

ह्यांनी हेडफोन काढून गळ्यात घेतले. काचेचं दार अर्धं ढकललं.

"असा होता? त्या दिवशी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बबडीला आला होता?"

कबूल केलेलं मला आठवलं. मी पुन्हा मान हलवली.

हे जमिनीकडे बघत राहिले. गादीच्या भिंतीवर ह्यांची बोटं काहीतरी चाचपत होती, पात्याला दात पडलाय का ते बघावं तशी. मग वर बघितलं.

"आणि तुला?"

मुलगी खुर्ची फिरवून आमच्याकडे बघत होती. मी हात वर केला. सरळ, खांद्यापासून, वर्गात करतात तसा, आणि तसाच धरून ठेवला.

हे त्या हाताकडे बराच वेळ बघत होते. मग आत गेले, खुर्चीवर बसले, हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि डोळे मिटले.

"लाव पोरी, पुढचा," ते म्हणाले.